स्ट्रॉन्ग वाइल्ड एल : चाखणं आणि पारखणं

वाइल्ड एल म्हणजे नेहमीच्या बीअर यीस्टच्या जोडीला ब्रेटॅनोमायसिस (थोडक्यात ब्रेट) नावाचं रानटी यीस्ट, आणि बहुतेक वेळा आंबटपणा आणणारे बॅक्टेरिया, मुद्दाम घालून किंवा हवेतून येऊ देऊन आंबवलेली बीअर. तीच बेल्जियन स्ट्रॉन्ग बीअरच्या वळणाने केली की अल्कोहोल साधारण ८ टक्क्यांपासून पार ११-१२ टक्क्यांपर्यंत जातं. मराठीत हिला नाव नाही, जंगली बीअर म्हटलं की लोक हसतात, म्हणून वाइल्ड एलच म्हणू. ती बनवतात कशी हे इथं थोडक्यात आहे, मुख्य विषय हा की कोल्हापुरात बसून समोर ग्लास आला तर ती चाखायची कशी आणि चांगली-वाईट ठरवायची कशी.

पहिला घोळ स्ट्रॉन्ग या शब्दाचा. आपल्याकडे स्ट्रॉन्ग बीअर म्हणजे ५ टक्क्यांच्या वरची, ८ टक्क्यांपर्यंतची, आणि तिचं मोजमाप एकच, किक बसली का नाही. बेल्जियन स्ट्रॉन्गमध्ये माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य, भरपूर असतं आणि शिवाय साखर घालतात, ती सगळी यीस्ट खाऊन टाकतं, त्यामुळे अल्कोहोल वाढतं पण बीअर जड होत नाही. डार्क प्रकारात जी काळी कँडी साखर पडते तिची चव गुऱ्हाळावर काकवी चाटलेल्या माणसाला समजावून सांगावी लागत नाही. चांगल्या स्ट्रॉन्ग एलमध्ये अल्कोहोल लपलेलं असतं, ते पहिल्या घोटालाच जाणवलं तर मार्क कापायचे. कोल्हापुरात हे पटवणं अवघड आहे, मान्य.

कुठून आली

मूळ ब्रसेल्सच्या आसपासचं, सेन नदीचं खोरं आणि पायोटनलँडचा भाग. तिथली लँबिक बीअर थंडीच्या दिवसांत उघड्या, पसरट भांड्यात रात्रभर गार करत ठेवतात, हवेतले आणि लाकडाच्या पिंपातले जीव तिच्यात उतरतात आणि पुढं काही महिने ते दोन-तीन वर्षं ती आंबत राहते. एक, दोन आणि तीन वर्षांची लँबिक मिसळून बाटलीत परत आंबवली की गूझ. ब्रसेल्समधली कँतियाँ ही ब्रुअरी १९०० पासून हेच करतेय. पण लँबिक आणि गूझ फार कडक नसतात, साधारण ५ ते ८ टक्के. स्ट्रॉन्ग वाइल्ड एल ही त्यातून पुढं आलेली भानगड, ट्रिपल किंवा डार्क स्ट्रॉन्ग या कडक बेल्जियन बीअरच्या अंगात लँबिकवाले जीव सोडायचे. बेल्जियममधल्या ओर्वालच्या मठातली बीअर बाटलीत भरताना ब्रेटॅनोमायसिस घालतात, ती आंबट होत नाही, फक्त महिने जातील तशी कोरडी आणि चामड्याच्या वासाची होत जाते, ब्रेट म्हणजे काय हे कळायला त्याहून सोपा धडा नाही.

गंमत म्हणजे ब्रेटॅनोमायसिसचा अर्थ ब्रिटिश बुरशी, कारण १९०४ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत क्लाऊसन यांनी ते इंग्लिश बीअरच्या संदर्भात जगापुढं मांडलं. म्हणजे नाव इंग्लंडचं, शोध डेन्मार्कचा आणि मिरवतंय बेल्जियम.

आपल्याला यात परकं वाटण्यासारखं खरं तर काही नाही. रात्री पीठ कालवून ठेवायचं आणि सकाळी आंबट झालेली आंबील प्यायची हे घराघरातलं काम, ओढ्यावरच्या रेणुकेची तर आंबील यात्राच भरते. आंबिलीत, ताकात, इडलीच्या पिठात जे लॅक्टिक बॅक्टेरिया काम करतात त्यांचेच भाऊबंद इकडं बीअरमध्ये आहेत. फक्त त्यांना अल्कोहोल सोसत नाही, आणि बीअरला कडूपणा देणारी हॉप्सची फुलं तर त्याहून सोसत नाहीत, म्हणून १० टक्क्यांची बीअर आंबट करणं कटकटीचं असतं. मग ब्रुअर आधी आंबवून घेतो आणि नंतर अल्कोहोल वाढू देतो, नाहीतर जुनी आंबट बीअर आणून मिसळतो. ब्रेट मात्र चिवट, इतर यीस्टला न पचणारी साखरसुद्धा ते महिनोन्महिने कुरतडत बसतं. त्यामुळे पारखताना बघायचं ते हे, की अल्कोहोल, आंबटपणा आणि रानटी वास हे तिघं एकमेकांना सांभाळून घेतायत का एकजण बाकीच्यांच्या मानगुटीवर बसलाय.

चाखायच्या आधी

बाटली एक दिवस उभी ठेवा, तळाला गाळ बसतो. तापमान १० ते १३ अंश, म्हणजे फ्रिजमधून काढून मे महिन्यात दहा मिनिटं आणि डिसेंबरात गच्चीवर बसला असाल तर चांगला अर्धा तास. बर्फासारखी गार प्यायली तर निम्मा वास मेला. ग्लास पोटात रुंद आणि तोंडाला निमुळता हवा, वाइनचा चालतो, स्टीलचा पेला नको कारण रंगही दिसत नाही आणि नाकही आत जात नाही. बूच उडवायची हौस असेल तर बाहेर भागवा. आम्ही एकदा रंकाळ्याजवळच्या एका मित्राच्या गच्चीवर न गार केलेली बाटली उघडली, निम्मी बीअर फेसाबरोबर वर आली आणि वाळत घातलेल्या सांडग्यांवर गेली, त्याच्या आईनं पुढचे पंधरा दिवस आमच्यापैकी कुणाला चहा विचारला नाही.

आणि आधी तांबडा रस्सा नको. तिखटानं पेटलेल्या जिभेवर अल्कोहोल आणखी आग लावतं, आंबटपणा टोचतो आणि दोष बीअरला जातो. मधेमधे तोंड धुवायला साधे चुरमुरे आणि पाणी पुरे. भडंग नाही, साधे चुरमुरे.

मात्रेचा हिशोब आधीच करून ठेवलेला बरा. ७५० मिलीची १० टक्क्यांची बाटली म्हणजे ७५ मिली शुद्ध अल्कोहोल, ६० मिलीच्या व्हिस्कीच्या पेगमध्ये साधारण २५-२६ मिली असतं, म्हणजे एक बाटली जवळपास तीन मोठे पेग. चौघांत एक घ्या, आणि चाखणाऱ्यानं गाडी काढायची नाही.

डोळे आणि नाक

अमेरिकेतली बीजेसीपी ही बीअर परीक्षकांची संस्था १९८५ पासून आहे, तिच्या ५० मार्कांच्या तक्त्यात दिसण्याला फक्त ३, वासाला १२, चवीला २०, तोंडात कशी लागते त्याला ५ आणि एकूण मत १०. दिसण्यावर त्यामुळे वेळ घालवू नका. गढूळ असली तरी चालते, फेस लवकर बसला तरी आंबट आणि कडक बीअरमध्ये ते समजून घ्यायचं. एकच बघा, ओतताना धार तुटते का. भेंडीसारखी तार सुटत असेल तर पेडिओकोकस नावाच्या बॅक्टेरियाचा प्रताप, बेल्जियमवाले याला बीअर आजारी पडली म्हणतात आणि खरंच काही महिने ठेवली की ब्रेट ती तार खाऊन तिला बरी करतं. म्हणजे दोष बीअरचा नसून घाई करणाऱ्याचा.

खरी मजा नाकात आहे आणि इथंच आपली पंचाईत होते, कारण पुस्तकातले सगळे शब्द युरोपातले. घोड्यावरचं घोंगडं, असं एक वर्णन ब्रेटच्या वासाला सर्रास वापरतात. कोल्हापुरात किती जणांनी घोड्यावरच्या घोंगडीत नाक खुपसलंय? त्यापेक्षा भवानी मंडपाजवळच्या चप्पल लाइनमधून चालत जा, नव्या कापशी चपलेच्या कातड्याचा जो वास येतो तो बऱ्याच अंशी ४-इथाइलफिनॉल या ब्रेटनं केलेल्या रसायनाच्या जवळचा, तो वाढला की दवाखान्यातल्या चिकटपट्टीसारखा लागायला लागतो. लवंग आणि धुराकडं झुकलेला असेल तर ४-इथाइलग्वायकॉल. गोठ्याचा वास म्हणतात तो कळायला गंगावेशीत धारोष्ण दूध मिळतं तिथं म्हशींच्या बाजूला दोन मिनिटं उभं राहा, वाळलेली वैरण, ऊन दूध, जनावराची ऊब असा सगळा मिळून वास. वैरणीचा आला तर मार्क द्यायचे, ओल्या शेणाचा आला तर कापायचे, इतकं सोपं आहे.

एकदा चौघांत एक बाटली फोडली होती, आम्ही तिघं कागदावर फंकी, रस्टिक असले शब्द लिहीत बसलेलो. शेजारचे आण्णा, आयुष्यभर जत्रांची मटणं शिजवलेला माणूस, ग्लास हुंगला आणि म्हणाले, "ह्येला बोकडाचा वास येतोय की रं." आम्ही हसलो. नंतर बघितलं तर कॅप्रोइक, कॅप्रिलिक आणि कॅप्रिक ही तिन्ही ॲसिडं ब्रेटवाल्या बीअरमध्ये भेटतात आणि तिघांची नावं बकरीच्या लॅटिन नावावरूनच पडलीत. त्या दिवसापासून आमच्या कागदावर बोकड हा अधिकृत शब्द आहे, कवळा बोकड चालतो, जून बोकड नाही. याच ॲसिडांपासून पुढं अननस-सफरचंदासारखे वासही तयार होतात, त्यामुळे ग्लासात आधी बोकड आणि दहा मिनिटांनी अननस आला तर आपलं डोकं फिरलेलं नाही.

पंक्चर काढणाऱ्याच्या सोल्युशनसारखा किंवा नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास मात्र इथाइल ॲसिटेटचा, हलका असेल तर फळासारखा वाटतो, डोळ्यांना झोंबला तर ग्लास खाली ठेवा. नासक्या तुपाचा किंवा ओकारीचा वास म्हणजे ब्युटिरिक ॲसिड, त्याला माफी नाही. ताज्या लोण्यासारखा वास डायॲसिटिलचा, कोवळ्या बाटलीत येतो, ब्रेट तोही खातं, म्हणून थांबा.

जीभ

पहिल्या घोटावर मत द्यायचं नाही. आंबटानं जीभ दचकते आणि सगळंच अति वाटतं, तिसऱ्या घोटापासून खरं कळायला लागतं. आंबटपणा कुठला ते बघा. ताकाचा गोल आंबटपणा लॅक्टिक, नाकात चढणारा, घशाला खरवडणारा व्हिनेगरचा म्हणजे ॲसिटिक. रोझेलारच्या रोडेनबाखसारख्या बेल्जियमच्या फ्लँडर्स भागातल्या तांबड्या बीअरमध्ये थोडा व्हिनेगरपणा शोभून दिसतो, गूझच्या वळणाच्या बीअरमध्ये तोच खटकतो. पीएच (आंबटपणाचं माप, जितकं कमी तितकं आंबट) ३.२ ते ३.५ च्या आसपास असतं पण त्या आकड्याच्या नादाला लागू नका, उरलेली गोडी आणि अल्कोहोल यांच्यामुळे तेवढ्याच पीएचची बीअर एकदा चिंचेच्या सारासारखी आणि एकदा मुरलेल्या गुळंब्यासारखी लागू शकते.

अल्कोहोल गिळल्यावर छातीत ऊब देत उतरलं तर छान, घशातच चटका देऊन थांबलं तर आंबवताना तापमान वर गेलं असण्याची शक्यता मोठी. शेवट कोरडा हवा. ब्रेटनं साखर खाल्लेली असते त्यामुळे अंगानं पातळ लागते, ते चालतं, पण पाणी घातल्यासारखी लागून वर नुसतं अल्कोहोल उरलं तर तोल गेला.

आता एक विचित्र दोष, जो हुंगून सापडत नाहीच. घोट गिळल्यावर दहा-वीस सेकंदांनी तोंडाच्या मागच्या बाजूला उंदराच्या बिळासारखी, जुन्या बिस्किटासारखी चव येते. ही टेट्राहायड्रोपिरिडीन मंडळी आम्लात गप्प बसतात, लाळेनं आम्ल कमी झालं की मग वास सोडतात, म्हणून ग्लासात पत्ता नाही आणि तोंडात धिंगाणा. सगळ्यांना ती सारखी जाणवतही नाही, चौघांत एकजण तोंड वाकडं करतो आणि तिघं त्याला खुळ्यात काढतात. याच टोळीतलं आणखी एक रसायन, २-ॲसिटिल-१-पायरोलीन, हाच बासमतीचा घमघमाट. भातात आला तर शेजारी विचारायला येतात, बीअरमध्ये आला तर ब्रुअरची झोप उडते. उपाय एकच, बाटली परत ठेवून द्यायची, बऱ्याचदा काही महिन्यांत जातो.

मार्क

बीजेसीपीच्या हिशोबानं ४५ किंवा त्याच्या वर म्हणजे अव्वल, ३८ ते ४४ उत्तम, ३० ते ३७ बरीच चांगली, २१ ते २९ ठीकठाक, १४ ते २० जेमतेम आणि १३ किंवा त्याच्या खाली काहीतरी बिघडलंय. माझ्या मते या प्रकारात लोक आंबटपणाला उगाच जास्त मार्क देतात, जितकी आंबट तितकी भारी, हे म्हणजे जितका तिखट तितका रस्सा चांगला म्हणणाऱ्या बाहेरगावच्या पाहुण्यासारखं झालं. इथल्या माणसाला माहीत असतं की तांबड्याबरोबर पांढरा का लागतो. वीस मिनिटांनी ग्लास गरम झाल्यावर परत हुंगा आणि कागदावरचे वासाचे मार्क बदलायची लाज बाळगू नका, चांगली वाइल्ड एल तेवढ्या वेळात दोनदा कूस बदलते.

ठेवणं

उजेड, ऊन आणि चढ-उताराचं तापमान हे तिन्ही वैरी. जुन्या वाड्यातल्या जाड भिंतींचं माजघर असेल तर नशीबवान आहात, फ्लॅटमध्ये फ्रिजचा खालचा कप्पा. दोन बाटल्या मिळाल्या तर एक आता आणि एक पुढच्या वर्षी फोडायची, फरक सांगायला कुणी लागत नाही. माझी एक बाटली दोन उन्हाळे पत्र्याखालच्या माळ्यावर राहिली, उघडली तर ओला पुठ्ठा आणि सोया सॉस, आंबटपणा तेवढा शाबूत. ओतून टाकायला जीव होईना म्हणून बायकोनं ती मटण मुरवायला वापरली, त्या मटणाला आण्णांनी पन्नासपैकी एकेचाळीस दिले.