चेतापेशींचे प्रवर्ध

चेतापेशीच्या (मेंदू व मज्जासंस्थेतील पेशीच्या) पिंडातून, म्हणजे तिच्या मुख्य भागातून, फुटणारे तंतुमय फाटे. आखूड, फांद्याफांद्यांच्या वृक्षिका संदेश पिंडाकडे आणतात; अक्षतंतू हा बहुधा एकच असतो व तो संदेश पुढे पोचवतो. माणसात कण्याच्या तळापासून पावलापर्यंतचा अक्षतंतू सुमारे 1 मीटर भरतो.

एवढा लांब तंतू एकच पेशी घडवते काय, हा एकोणिसाव्या शतकातील मोठा वाद. दोन्ही प्रकारचे फाटे ओटो डायटर्स यांनी वेगळे दाखवले होते (मरणोत्तर प्रसिद्धी, 1865). टेओडोर श्वान यांच्या मताचे अभ्यासक तंतूला अनेक पेशी जुळून झालेली साखळी मानत, तर कामिलो गॉल्जी यांना मेंदूत तंतूंचे अखंड जाळे दिसे. तंतू एकाच पेशीतून बाहेर वाढतो, हे विल्हेल्म हिस यांनी 1886 च्या सुमारास मांडले. सांतियागो रामोन ई काहाल यांनी गॉल्जींच्याच रौप्यरंजनाने (चांदीच्या क्षारांनी पेशी रंगवण्याच्या पद्धतीने) त्याला बळ दिले आणि 1890 मध्ये वाढत्या टोकावरील वृद्धिशंकू वर्णिला. 1906 चे नोबेल पारितोषिक दोघांना विभागून मिळाले. तरीही मृत, रंगवलेल्या छेदांवरून वाढीचा निवाडा होणे कठीणच होते. रॉस हॅरिसन यांनी 1907 मध्ये बेडकाच्या गर्भातील चेताऊतीचा तुकडा लसिकेच्या (शरीरातील एका द्रवाच्या) थेंबात जिवंत ठेवला, तेव्हा साखळी जोडणाऱ्या पेशी नसतानाही तंतू पुढे सरकताना दिसला. हाच पुरावा निर्णायक धरणे योग्य.

वृद्धिशंकूची बारीक बोटे सतत पुढेमागे होत वाट चाचपतात; नेट्रिनसारखी प्रथिने काही तंतूंना जवळ ओढतात, काहींना परतवतात. वृक्षिकांची वाढ पुष्कळशी त्यांना मिळणाऱ्या संदेशांवर अवलंबून असते.

अक्षतंतूतील विद्युत्‌स्पंदाचा उलगडा हॉजकिन व हक्सली यांनी 1952 मध्ये केला, तो माणकीच्या (स्क्विड या समुद्री प्राण्याच्या) जाड अक्षतंतूवर. गोव्याच्या मासळीबाजारात मिळणारी माणकी त्याच कुळातील आहे. या प्राण्यांच्या मांसल आवरणाच्या आतील बाजूस पसरलेला हा तंतू नुसत्या डोळ्यांनाही दिसण्याइतका जाड असतो.

पिंडात बनलेला माल सूक्ष्मनलिकांवरून (तंतूतील अतिबारीक नळ्यांवरून) टोकाकडे जातो. वेगवान वाहतूक दिवसाला 200 ते 400 मिमी. उलट दिशेनेही वाहतूक चालते आणि रेबीजचा विषाणू तिच्यावरच स्वार होतो. 2021 मध्ये रेबीज नियंत्रित क्षेत्र जाहीर झालेल्या गोव्यात म्हणूनच हा तपशील निव्वळ पुस्तकी नाही. चावा मेंदूपासून जितका दूर, तितकी लक्षणे साधारणतः उशिरा दिसतात; लस व प्रतिपिंडे विषाणू मेंदूत पोचण्याआधीच्या या अवधीतच उपयोगी पडतात.