नैराश्याचे निदान आणि समग्र उपचार : पार्श्वभूमी

खिन्नतेचे मूळ शरीरातील काळ्या पित्तात शोधणारी ग्रीक वैद्यकाची उपपत्ती आज कोणी मानत नाही. मात्र त्या वैद्यकात झोप, आहार, हालचाल आणि मनातील भावना यांचा विचार एकत्रच होत असे, आणि समग्र उपचार म्हणून आज जे सांगितले जाते त्यातील बराचसा भाग तेथे आधीपासून होता. सध्याच्या वादांची मुळे मात्र १९५० च्या दशकात आहेत. क्षयावरील एका औषधाने रुग्णांची मनःस्थिती सुधारत असल्याचे आढळले, आणि स्किझोफ्रेनियासाठी आजमावलेल्या दुसऱ्या एका रसायनाचा त्या आजारावर उपयोग झाला नाही, तरी खिन्न रुग्णांना त्याने उभारी आली. १९५७ पर्यंत दोन्ही निरीक्षणे प्रसिद्ध झाली. ही औषधे मेंदूतील सेरोटोनिनसारख्या काही रसायनांचे प्रमाण वाढवतात हे पुढे कळले, आणि त्यावरून उलट दिशेने अनुमान काढून नैराश्य म्हणजे त्या रसायनांची कमतरता, अशी उपपत्ती १९६० च्या दशकात मांडली गेली. नैराश्यावरील फ्लुऑक्सेटिन या औषधाला अमेरिकेत १९८७ मध्ये मान्यता मिळाल्यानंतर ही उपपत्ती सर्वसामान्यांच्या बोलण्यात सिद्ध झालेल्या सत्यासारखी रुळली, जरी तज्ज्ञांपैकी अनेकांना ती तेव्हाही अपुरी वाटत होती.

याच काळात अमेरिकेतील मनोविकारांच्या निदानपुस्तिकेने वेगळे वळण घेतले होते. १९८० च्या तिसऱ्या आवृत्तीने कारणांचा ऊहापोह बाजूला ठेवला आणि लक्षणे व त्यांचा कालावधी यांवर निदान बसवले. दोन तज्ज्ञांनी एकाच रुग्णाला तपासून वेगवेगळे निष्कर्ष काढण्याचा प्रकार त्याआधी सर्रास होत असल्यामुळे हा बदल आवश्यकच होता. १९८७ च्या सुधारित आवृत्तीपासून नऊपैकी किमान पाच लक्षणे दोन आठवडे टिकली पाहिजेत, हा आजही चालणारा निकष रूढ झाला. माणसाच्या आयुष्यात नेमके काय घडले आहे, हा प्रश्न मात्र या निकषात कोठेच उरला नाही. त्याला एकच अपवाद होता, आणि तो म्हणजे जिवलगाच्या मृत्यूनंतरचा शोक.

शोकाचा हा अपवाद १९९४ च्या चौथ्या आवृत्तीत अधिक नेमका झाला. मृत्यूनंतर दोन महिन्यांच्या आतील लक्षणांना नैराश्यविकार म्हणू नये, मात्र आत्महत्येचे विचार, स्वतः कवडीमोल असल्याची भावना, भ्रम किंवा दैनंदिन व्यवहार ठप्प होणे अशी गंभीर चिन्हे असतील तर निदान करावे, असे त्याचे स्वरूप होते. २०१३ च्या पाचव्या आवृत्तीने हा अपवाद काढून टाकला आणि त्याच्या जागी शोक व विकार यांतील फरक ओळखताना तारतम्य वापरावे, अशी टीप दिली. वगळण्याच्या बाजूने दिलेला युक्तिवाद वरवर बिनतोड होता : घटस्फोट, नोकरी जाणे, दिवाळे निघणे यांनंतरच्या लक्षणांना सवलत नाही, मग ती मृत्यूलाच का? शिवाय आत्महत्येची शक्यता असलेला शोकाकुल माणूस उपचारांपासून वंचित राहू नये, हीही चिंता होती, जरी जुन्या नियमातच त्याची तरतूद होती. विरोधकांमध्ये चौथ्या आवृत्तीच्या समितीचे प्रमुखही होते. दोन आठवड्यांच्या शोकावर रोगाचा शिक्का बसेल आणि औषधकंपन्यांना नवी बाजारपेठ मिळेल, असा त्यांचा आक्षेप होता. या वादात एक मुद्दा पुरेसा लक्षात घेतला गेला नाही. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मृत्यूनंतरची आणि इतर आघातांनंतरची साधी लक्षणे पुष्कळशी सारखी आढळली होती, आणि त्यावरून संशोधकांनी सवलत सर्वच आघातांना लागू करावी असे सुचवले होते. सुसंगती दोन्ही मार्गांनी साधता आली असती. समितीने निकषांतून परिस्थितीचा विचार पूर्णपणे गाळणारा मार्ग निवडला, आणि तो निवडताना दिलेली कारणे आजही अपुरी वाटतात. २०२२ मध्ये त्याच पुस्तिकेत दीर्घकालीन शोकविकार हे स्वतंत्र निदान आले. त्यासाठी प्रौढांच्या बाबतीत मृत्यूनंतर किमान १२ महिने उलटलेले असावे लागतात.

निदानातून वगळलेली परिस्थिती उपचारांत मात्र परत येत राहिली. शरीर, मन आणि समाज यांचा एकत्रित विचार करणारे प्रारूप १९७७ मध्येच मांडले गेले होते, पण अनेक वर्षे ते मुख्यतः अध्यापनापुरते राहिले. १९९९ च्या एका प्रयोगात ५० वर्षांवरील १५६ रुग्णांना व्यायाम, औषध किंवा दोन्ही असे १६ आठवडे देण्यात आले. औषधाने गुण लवकर आला, तरी अखेरीस तिन्ही गटांतील सुधारणा जवळपास सारखी होती. प्लासिबो (औषधी गुण नसलेली गोळी) घेणारा गट नसल्यामुळे या निष्कर्षाला मर्यादा आहे, आणि व्यायामाचा प्रचार करणारे बहुतेक जण ती सांगत नाहीत. २००० मध्ये सजगतेवर, म्हणजे वर्तमान क्षणाकडे शांतपणे लक्ष देण्याच्या सरावावर, आधारित उपचारपद्धतीचा प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात पूर्वी तीन किंवा अधिक वेळा नैराश्य येऊन गेलेल्यांमध्ये ते उलटण्याचे प्रमाण घटले, परंतु दोनदाच येऊन गेलेल्यांमध्ये असा लाभ दिसला नाही.

समग्र या विशेषणाखाली पुढे बरेच काही खपवले गेले, हेही नमूद करायला हवे. सेंट जॉन्स वर्ट ही वनस्पती सौम्य नैराश्यात काही प्रमाणात उपयोगी ठरते, पण ती यकृतातील विकरांना (औषधांचे विघटन करणाऱ्या एन्झाइमना) चालना देऊन गर्भनिरोधक गोळ्यांचा आणि अवयवरोपणानंतरच्या औषधांचा परिणाम घटवते. नैराश्यावरील नेहमीच्या गोळ्यांसोबत घेतल्यास सेरोटोनिनचे प्रमाण घातक पातळीपर्यंत जाऊ शकते. नैसर्गिक म्हणून निर्धोक, हे समीकरण येथे लागू पडत नाही.

सेरोटोनिनची कमतरता हे नैराश्याचे कारण असल्याचा सातत्यपूर्ण पुरावा नाही, असा निष्कर्ष २०२२ मध्ये एका व्यापक आढाव्याने काढला. गोळ्या निरुपयोगी आहेत, असा त्याचा अर्थ अनेकांनी घेतला; वास्तविक एखादे औषध का गुणकारी ठरते आणि ते ठरते की नाही, हे निराळे प्रश्न आहेत. त्याच वर्षी ब्रिटनमधील सुधारित मार्गदर्शक सूचनांनी कमी तीव्रतेच्या नैराश्यात, रुग्णाची स्वतःची पसंती नसल्यास, गोळ्यांनी सुरुवात करण्याचा प्रघात टाळण्यास सांगितले. स्वयंसाहाय्य, गटातील व्यायाम, सजगतेचा सराव, समुपदेशन आणि गोळ्या हे पर्याय त्यांनी एकाच यादीत ठेवले. तीव्र नैराश्यासाठी मात्र विचार व वर्तन यांवर काम करणारी मानसोपचारपद्धती आणि औषध एकत्र देण्याचा पर्याय त्यांच्या यादीत अग्रस्थानी आहे.