एक्स्टर्नल डिस्क विंडोज आणि मॅक दोन्हीवर वापरायची असेल तर

एका संगणकावर नीट चालणारी डिस्क दुसऱ्यावर उघडली नाही, की ती बिघडली असं वाटतं. बहुतेक वेळा डिस्क ठणठणीत असते, तिचा फॉरमॅट, म्हणजे तिच्यावर फाइल्स मांडण्याची पद्धत, त्या संगणकाला कळत नाही एवढंच. मायक्रोसॉफ्टचा एनटीएफएस आणि ॲपलने २०१७ मध्ये आणलेला एपीएफएस हे आपापल्या घरचे फॉरमॅट. एनटीएफएस डिस्क मॅकवर वाचता येते, पण तिच्यावर काही लिहिता येत नाही. एपीएफएस डिस्क तर विंडोजला वाचताही येत नाही. उलट बरेचदा ‘फॉरमॅट करायची का?’ असं विचारलं जातं. तिथे ‘कॅन्सल’च दाबा! चुकून फॉरमॅट झालीच, तर त्या डिस्कवर पुढे काहीही कॉपी करू नका. हार्ड डिस्कमधला डेटा परत मिळण्याची आशा असते, एसएसडीमध्ये, म्हणजे चिपवर डेटा ठेवणाऱ्या डिस्कमध्ये, ती फार कमी.

दोन्हीकडे चालणारा फॉरमॅट म्हणजे एक्सफॅट. जुना फॅट३२ घेऊ नका. त्यात एक फाइल ४ जीबीपर्यंतच मावते, त्यामुळे डिस्क रिकामी असूनही मोठा व्हिडिओ कॉपी होत नाही.

फॉरमॅट केल्यावर डिस्कवरचं सगळं जातं, म्हणून आधी डेटा दुसरीकडे काढून घ्या. विंडोजमध्ये ‘धिस पीसी’त डिस्कवर राइट क्लिक करून ‘फॉरमॅट’ घ्या, ‘फाइल सिस्टिम’मध्ये एक्सफॅट निवडा आणि ‘स्टार्ट’ करा. मॅकवर ‘डिस्क युटिलिटी’त आधी ‘व्ह्यू’मधून ‘शो ऑल डिव्हायसेस’ चालू करा. मग यादीत तुमच्या एक्स्टर्नल डिस्कच्या गटातलं सर्वांत वरचं नाव निवडून ‘इरेज’ करा. फॉरमॅट एक्सफॅट, स्कीम ‘जीयूआयडी पार्टिशन मॅप’. खालचं नाव निवडलं तर स्कीमचा पर्यायच येत नाही, आणि लोक नेमके इथेच अडकतात.

एक्सफॅटमध्ये जर्नल नसतं, म्हणजे अर्धवट राहिलेल्या कामाची नोंद नसते. कॉपी चालू असताना केबल निघाली, तर फाइल्सच काय, फोल्डरही खराब होऊ शकतात. दरवेळी ‘इजेक्ट’ करूनच डिस्क काढा. शिवाय ३२ जीबीपेक्षा मोठ्या डिस्कवर विंडोज १२८ केबीचे कप्पे पाडतं, त्यामुळे १ केबीची फाइलही १२८ केबी जागा अडवते. हजारो छोट्या फाइल्स असतील तर झिप करून ठेवा.

डिस्क एकाच प्रकारच्या संगणकावर वापरणार असाल, तर त्याचाच फॉरमॅट राहू द्या, तो जास्त सुरक्षित आहे. मॅकचं ‘टाइम मशीन’ एक्सफॅटवर बॅकअप घेत नाही, त्यासाठी वेगळी डिस्क किंवा वेगळं पार्टिशन (डिस्कचा स्वतंत्र भाग) ठेवावं लागेल. बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लावायचं कुलूप, लावलेली डिस्क मॅकवर तशीच उघडत नाही, मग फॉरमॅट एक्सफॅट असला तरी.