समोरचा माणूस आणि मागचा आवाज: पॅलिनबद्दल मत देण्याआधी हे दोन वेगळे करा

बीबीसीवर प्रवासाच्या मालिका करणारा ब्रिटिश विनोदी नट मायकल पॅलिन, त्याचं नाव निघालं की आमच्याकडे दोनच मतं ऐकायला मिळतात. एक, माणूस फार गोड, कुणाशीही पटकन जमवून घेतो. दुसरं, फार गोड आहे म्हणूनच काही कामाचा नाही, कुणाला अडचणीचं विचारत नाही, जिथे जाईल तिथे सगळं छानच म्हणतो. चवथीला फोंड्याच्या घरी सगळे जमले होते तेव्हा मामाने हे दुसरं मत इतक्या जोरात मांडलं की जेवणं थांबली. मी वाद घातला पण नीट सांगता आलं नाही, म्हणून आता शांतपणे लिहितोय, कारण हा घोळ मी गेली कित्येक वर्षं ऐकतोय आणि फक्त पॅलिनबद्दल नाही, टीव्हीवर प्रवास करणाऱ्या प्रत्येक माणसाबद्दल ऐकतोय.

घोळ असा की त्या कार्यक्रमात एकाच माणसाची दोन बोलणी असतात आणि आपण ती एकच समजतो. पहिलं बोलणं जागेवरचं. तो बाजारात उभा आहे, समोर कॅमेरा आहे, तो आपल्याकडे बघून किंवा तिथल्या कुणाशी तरी बोलतोय. टीव्हीवाले याला पीस टू कॅमेरा म्हणतात, गप्पा असतील तर नुसतं इंटरव्ह्यू. दुसरं बोलणं म्हणजे मागून येणारा आवाज, व्हॉइसओव्हर. तो घरी परतल्यावर, चित्रं कापून जोडून झाल्यावर, बंद खोलीत माईकसमोर बसून वाचलेला असतो. आणि वाचलेला म्हणजे आधी लिहिलेला, खोडलेला, परत लिहिलेला. दहा सेकंदांचा शॉट असेल तर इंग्रजीत साधारण पंचवीस-तीस शब्द मावतात, तेवढ्यातच बसवावा लागतो.

मराठीत तर आपण शब्दापासूनच अडकतो. दोन्हींना निवेदक. कॅमेऱ्यासमोर चालणारा पण निवेदक, न दिसता बोलणारा पण निवेदक, आणि वर कार्यक्रमाचा सूत्रसंचालक पण कधीकधी निवेदक. पेपरात ‘निवेदकाची शैली आवडली’ असं छापून येतं तेव्हा नक्की काय आवडलं तेच कळत नाही. मला हा शब्द या बाबतीत अजिबात चालत नाही, मी खाली समोरचा माणूस आणि मागचा आवाज असंच म्हणणार.

बाकीचे फरक पटकन उरकतो कारण त्यांनी कुणाचं फारसं अडत नाही. व्लॉगर आणि टीव्हीवाला: एकाच्या हातात स्वतःचा कॅमेरा, दुसऱ्याबरोबर युनिट. पॅलिनच्या 1989 च्या बीबीसीच्या ऐंशी दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणेमध्ये बरोबरच्या पाच जणांच्या युनिटला मिळून ‘पासपार्तू’ म्हणायचे, ज्यूल व्हर्नच्या मूळ कादंबरीतल्या नोकराच्या नावावरून, म्हणजे तो एकटा फिरत नव्हता आणि तसं त्याने कधी भासवलंही नाही. दुसरं, मान डोलवण्याचे शॉट. एकच कॅमेरा असतो तेव्हा समोरच्याची मुलाखत संपल्यावर प्रश्न विचारणाऱ्याचा मान हलवतानाचा शॉट वेगळा घेतात आणि मध्ये चिकटवतात. ‘तो नुसता मान डोलावतो’ ही तक्रार बऱ्याचदा या चिकटवलेल्या तुकड्यावरून आलेली असते. झालं, यापेक्षा जास्त वेळ यावर घालवायची गरज नाही.

आता खरं अडतं ते. दशावतार बघितलाय ना तुम्ही? पेडण्याकडे जत्रेत रात्रभर चालतो तो. कथा ठरलेली असते पण संवाद लिहिलेले नसतात, नटाला ते रंगमंचावर त्या क्षणी सुचवावे लागतात, समोरच्या पात्राने काय टाकलं त्यावर याने काय उचलायचं. आणि आपल्याकडची संगीत नाटकं बघा, तिथे अक्षर न् अक्षर संहितेत. आता कुणी दशावतारी नटाला म्हटलं की तुझी वाक्यं घोटीव नाहीत, तर आपण त्याला वेड्यात काढू. समोरच्या माणसाचं बोलणं हे दशावताराच्या जवळचं आहे, मागचा आवाज संहितेच्या नाटकाच्या जवळचा. पहिल्याला दुसऱ्याच्या मापाने मोजायचं नाही, एवढंच माझं म्हणणं आहे पण लोकांना ते सुटं करताच येत नाही.

आपल्याच गावातलं उदाहरण घेऊ. मार्च-एप्रिलमध्ये कुणी तरी परदेशी पाहुणा कॅमेरा घेऊन काजूच्या भट्टीवर येतो. बोंडं तुडवून नीरो, म्हणजे रस, काढलेला आहे, भांडं चुलीवर आहे, आणि तो विचारतो, हे काय करताय तुम्ही? आपल्याकडचा बघणारा लगेच म्हणतो, बघा, काही वाचून आला नाही, मूर्ख आहे. अहो, त्याला माहीत असतं. पण त्याने तिथे उभं राहून पहिल्यांदा गाळलं की हुर्राक, ते नीरोत घालून परत गाळलं की फेणी, फेणीला 2009 मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, असं सगळं स्वतःच घडाघडा सांगितलं तर भट्टीवाला काय सांगणार? तो नुसता हो म्हणणार. अडाणी प्रश्न विचारला म्हणून भट्टीवाला तोंड उघडतो, हाताने भांडं दाखवतो, वास घ्यायला लावतो, चुकलं तर दुरुस्त करतो. समोरच्या माणसाचं काम दुसऱ्याला बोलतं करायचं, स्वतःचं ज्ञान दाखवायचं नाही. ज्ञान कुठे दिसायला हवं? मागच्या आवाजात. तिथे जर त्याने हुर्राक आणि फेणी एकच करून टाकलं, किंवा साडेचारशे वर्षांची पोर्तुगीज राजवट अख्ख्या गोव्यावर सारखीच होती असं सांगितलं, तर मात्र त्याला सोडायचं नाही. फोंडा, पेडणे, सत्तरी, डिचोली हे भाग पोर्तुगीजांकडे अठराव्या शतकात आले, तिसवाडी-बार्देश-सासष्टीच्या खूप नंतर, आणि हे लिहायला त्याच्याकडे महिनेच्या महिने होते. तिथे चूक झाली तर तो आळस. भट्टीवर विचारलेल्या प्रश्नाला आळस म्हणू नका.

आणि गोडपणाचं पण तसंच. लोक विचारतात, हा तिथे तोंडावर का बोलत नाही? 2018 मध्ये पॅलिन उत्तर कोरियात गेला होता, पंच्याहत्तरावा वाढदिवस पण तिथेच झाला त्याचा. बरोबर सतत तिथले सरकारी माणसं आणि गाइड. तिथे त्याने गाइड बाईला, तुम्हाला नेत्यांवर टीका करता येत नाही का, असं विचारलंच, पण इतक्या हळुवारपणे, गप्पांच्या ओघात, की तिला उत्तर देता आलं. तिच्या उत्तरातून काय समजायचं ते आपण समजलो. त्याने तिथे आवाज चढवला असता तर पॅलिन लंडनला परतला असता आणि निस्तरायला ती मागे राहिली असती. हे लोकांच्या लक्षात का येत नाही? पाहुणा निघून जातो, यजमान तिथेच राहतो. मत मागच्या आवाजात सांगता येतं कारण तोपर्यंत युनिट देशाबाहेर आलेलं असतं, आणि तिथेही सांगताना मागे राहिलेल्या यजमानाचं काय होईल हा विचार करावाच लागतो. म्हणजे जागेवरचा सभ्यपणा हा मत नसल्याचा पुरावा नाही, पुरावा शोधायचा तर आवाजात शोधा. मागच्या आवाजातही त्याने सगळं छानच म्हटलं असेल तर खुशाल म्हणा पुळचट, मी पण म्हणेन.

उलटा घोळ पण असतो, तो मला जास्त खटकतो. आवाज ऐकून लोक समजतात माणूस तिथे गेला होता. बीबीसीवर निसर्गाच्या मालिका करणाऱ्या डेव्हिड अॅटनबरोंचं घ्या. 1979 च्या लाइफ ऑन अर्थमध्ये ते रवांडात गोरिलांमध्ये बसून कुजबुजतात, ते जागेवरचं, तो श्वास, ते थांबणं सगळं त्या क्षणाचं. बोलायचं ठरलं होतं अंगठ्याबद्दल आणि प्रत्यक्षात बोलले त्या प्राण्याच्या नजरेबद्दल. 2006 च्या प्लॅनेट अर्थमध्ये मात्र त्यांचं काम मुख्यतः आवाजाचं. त्याचीच अमेरिकेतली डिस्कव्हरीची आवृत्ती सिगोर्नी वीव्हर या नटीच्या आवाजात होती. चित्रं तीच, बर्फ तोच, हिमबिबट्या तोच, आवाज बदलला. जो बदलता येतो तो मागचा आवाज, जो बदलता येत नाही तो समोरचा माणूस, इतकं सोपं आहे. तरी कुणीतरी येऊन सांगतंच की अॅटनबरो या वयात त्या बर्फात कसे गेले असतील.

आपल्याकडे यात डबिंगने भर घातली. आपल्यातले कितीतरी जण हे सगळं हिंदी डबमध्ये बघत मोठे झालो, आणि डबमध्ये समोरचं बोलणं आणि मागचा आवाज दोन्ही त्याच स्टुडिओत, त्याच डबिंगवाल्याने, त्याच तालात बोललेलं. वारा गेला, बाजाराचा गोंगाट गेला, धाप लागलेली गेली. मग फरक कळणार कसा? म्हणून मी तरी सबटायटल लावूनच बघतो आणि घरच्यांनाही तसंच बघायला लावतो. त्यात अजून एक राग आहे माझा, तिथला म्हातारा माणूस आपल्या भाषेत दोन शब्द बोलतो न बोलतो तोच त्याच्यावर इंग्रजी भाषांतराचा आवाज चढवतात. आपल्या एखाद्या आजोबांची कोंकणी अशी दाबलेली ऐकली की टीव्ही बंद करावासा वाटतो. त्यांचा आवाज राहू द्या, खाली अक्षरं टाका, वाचतो आम्ही.

ओळखायचं कसं म्हणाल तर कान लावा. जागेवरच्या बोलण्यामागे जागा ऐकू येते, मागच्या आवाजामागे नाही, किंवा संगीत असतं. आणि त्याला त्या क्षणी कळणं शक्य नव्हतं असं काही सांगत असेल, ‘ही बोट पुढे दोन दिवस उशिरा पोचणार होती’ असलं, तर ते नंतर लिहिलेलं. अजून एक बघा, ते लिहिलं कुणी. पॅलिन स्वतः लेखक, जगभर खात फिरणारा अमेरिकन शेफ अँथनी बूर्डेन पण स्वतः लेखक, त्यामुळे त्यांचा मागचा आवाज त्यांचाच धरायला हरकत नाही, पण सगळीकडे तसं नसतं, पुष्कळ ठिकाणी दुसऱ्याने लिहिलेलं असतं आणि हा नुसता वाचतो. बूर्डेनचा मागचा आवाज मला भारी वाटतो पण जरा जास्त होतो, चित्राला बोलू देत नाही. मला पॅलिनचा साधा आवाज जास्त आवडतो, आणि हे मत मी बदलणार नाही.

तर मामासाठी मी 1989 च्या त्या मालिकेतला गलबताचा भाग परत लावला. दुबईहून मुंबई, लाकडी गलबत, रडार नाही, आठवडाभर समुद्र, खलाशी सगळे गुजराती, मांडवीकडचे. आपली गोव्याची मांडवी नदी नाही, कच्छमधलं बंदर. म्हटलं आता मागचा आवाज सोडून द्या, फक्त समोरचा माणूस बघा. तो आजारी पडतो, खलाशी त्याची काळजी घेतात, तो एका म्हाताऱ्या खलाशाच्या कानाला आपला वॉकमन लावून ब्रूस स्प्रिंगस्टीन या अमेरिकन रॉक गायकाची गाणी ऐकवतो. एकमेकांची भाषा येत नाही तरी दोघं बसलेत. मामा काही बोलला नाही. मग मी सांगितलं की हाच माणूस त्या प्रवासानंतर वीस वर्षांनी, 2008 मध्ये, त्याच खलाशांना शोधत कच्छपर्यंत गेला होता आणि ते भेटले पण. मामा म्हणाला, तो भाग आहे का तुझ्याकडे? लाव की मग.