एलडी की स्लो लर्नर? आधी वही उघडून बघा

पाचवीतलं पोट्टं मराठीचा धडा अडखळत वाचतं, गणितातही मागे पडतं. पालकसभेत बाई म्हणतात, "याची एकदा एलडीची टेस्ट करून घ्या." घरी येईस्तोवर त्याचं "स्लो लर्नर" झालेलं असतं, आणि रात्रीपर्यंत एखादी मावशी विशेष शाळेचा पत्ताही पाठवून देते. यात दोन निराळ्या गोष्टींची सरमिसळ होते. एलडी म्हणजे अध्ययन अक्षमता, आणि दुसरं म्हणजे सगळंच सावकाश शिकणं. दोन्ही मुलांचे मार्क सारखेच कमी दिसतात, म्हणून गुणपत्रिकेवरून यातलं काहीच कळत नाही. वहीवरून बरंच कळतं.

एलडी असलेल्या मुलाची अडचण ठरावीक ठिकाणी असते: वाचण्यात, लिहिण्यात किंवा आकड्यांत. तोच धडा तुम्ही वाचून दाखवा आणि तोंडी प्रश्न विचारा, पटापट उत्तरं येतील. लिहायला सांगितलं की गाडी अडते. "मित्र"चं "मितर", "शाळा"चं "शळा". ध आणि घ, भ आणि म यांची अदलाबदल. एकाच पानावर एकच शब्द तीन तऱ्हांनी. फळ्यावरून उतरवताना मधली ओळच गायब. "बेचाळीस" ऐकून २४ लिहिणं हे पहिली-दुसरीत कोणीही करतं, कारण आपण एकक आधी बोलतो आणि दशक नंतर. पाचवीतही ते सुटत नसेल तर लक्ष द्यायला हवं. (२०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणितात "वीस एक, वीस दोन" असं वाचन आणलं तेव्हा राज्यभर थट्टा झाली. थट्टा करणाऱ्यांच्या घरात असं लेकरू नसावं.)

सावकाश शिकणाऱ्या मुलाची वही उलट बऱ्याचदा सुबक असते. फळ्यावरचं सगळं जसंच्या तसं उतरवलेलं, खाली लाल बरोबर. वही मिटून विचारलं की गोंधळ सुरू होतो. उभी मांडणी दिली तर ५० मधून ३५ वजा करतो. पण "५० ची नोट दिली, संत्री ३५ ची झाली, परत किती मिळतील?" म्हटलं की तो बेरीज करू का विचारतो. हे फक्त गणितात होत नाही. परिसर अभ्यासात तेच, नवीन खेळाचे नियम समजून घेतानाही तेच. तो शिकतो, पण त्याला जास्त वेळ, जास्त वेळा आणि हातात धरता येईल अशी वस्तू लागते. चाचणीत अशा मुलांचा बुद्ध्यांक साधारण ७० ते ८५ च्या मध्ये येतो. त्याहून खाली, आणि रोजचे व्यवहारही जमत नसतील, तर ती बौद्धिक अक्षमता. तो तिसराच विषय आहे. बुद्ध्यांकाच्या नेहमीच्या वितरणाचं गणित मांडलं तर या मधल्या पट्ट्यात शंभरात १३-१४ मुलं बसतात. म्हणजे पन्नासच्या वर्गात सहा-सात. यांची चर्चा मात्र सर्वांत कमी होते.

दोन्हींच्या आधी डोळे आणि कान तपासून घ्या. ज्याला फळाच दिसत नाही त्याची कसली एलडी? नागपुरात आणखी एक घोळ असतो: घरी वऱ्हाडी, गल्लीत हिंदी आणि शाळा "कॉन्व्हेंट". तिसऱ्या भाषेत मागे पडणं म्हणजे अक्षमता नव्हे. मुलाची चाचणी त्याला नीट येणाऱ्या भाषेतच व्हावी, हा आग्रह धरा.

आता कागदांचं बघू. १९९५ च्या अपंग व्यक्तींच्या कायद्यात एलडी नव्हतीच. महाराष्ट्राने १९९६ पासून दहावीला अशा मुलांसाठी सवलती सुरू केल्या, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने २१ प्रकारांमध्ये तिचा समावेश केला. याच कायद्याच्या कलम १६ नुसार एलडी लवकरात लवकर ओळखणं आणि त्याप्रमाणे शिकवणं ही शाळेची जबाबदारी आहे. केंद्राच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनी प्रमाणपत्रासाठी किमान वय आठ ठरवलं, आणि १४ व्या व १८ व्या वर्षी पुन्हा तपासणी. त्यात बुद्ध्यांक सरासरीच्या पट्ट्यात आहे ना, हे आधी बघतात. सावकाश शिकणारा नेमका इथेच गळतो. त्या २१ प्रकारांत तो कुठेच नाही. ना प्रमाणपत्र, ना जादा वेळ, ना रायटर.

म्हणून मग "थोडं इकडेतिकडे करून एलडीचं लिहून द्या न" अशी गळ घातली जाते. आईबापांची तगमग समजते, पण त्या कागदाने मुलाचं काम होत नाही. रायटर मुलाच्या डोक्यातलं कागदावर उतरवतो. मुद्दा डोक्यात पोचलाच नसेल तर तो काय लिहिणार? शुद्धलेखनाच्या चुका माफ झाल्या तरी याच्या चुका शुद्धलेखनाच्या नसतातच.

वर्गातल्या मदतीला मात्र कोणत्याही शिक्क्याची गरज नाही. एलडीच्या मुलाला प्रश्न वाचून दाखवा, तोंडी उत्तर चालवून घ्या, सगळ्यांसमोर उभं करून वाचायला लावू नका. चुकलेला शब्द दहादा लिहायला लावण्याने हात दुखतो, शब्द काही येत नाही. सावकाश शिकणाऱ्याला दहा गणितांऐवजी चार द्या, खरी नाणी-नोटा द्या, एका वेळी एकच सूचना सांगा आणि कालचं आज पुन्हा विचारा. ट्यूशन वाढवून तोच वेग दुप्पट तास दिला तर त्याच्या पदरात काही पडत नाही.

मनावरचा भारही दोघांचा सारखा नसतो. एलडीच्या मुलाला आपल्याला समजतंय हे ठाऊक असतं, म्हणून "काहून रे, घरी तर येत होतं न?" हे वाक्य त्याला जास्त झोंबतं. लोक त्याला आळशी म्हणतात. मग तो वर्गात विदूषक होतो, नाहीतर दर सोमवारी त्याचं पोट दुखतं. सावकाश शिकणारा गप्प होत जातो, बरोबरीची मुलं पुढे निघून जातात आणि तो तिसरीतल्या पोरांत खेळू लागतो. कोणाला त्रास देत नाही, म्हणून कोणाच्या लक्षातही येत नाही. माझ्या मते जास्त काळजी याचीच करायला हवी. "ढ" म्हणून वर्गासमोर हिणवणं दोघांच्याही बाबतीत बेकायदा आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेसोबत मानसिक छळावरही बंदी घातली आहे.

तारखांचं भान दोघांच्या पालकांनी ठेवावं. राज्यात २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आहे. नापास झाल्यास फेरपरीक्षा, तीही हुकली तर त्याच वर्गात. सावकाश शिकणारं मूल पहिल्यांदा अडकतं ते इथे, म्हणून चौथीच्या उन्हाळ्यातच शिक्षकांशी बसून कोणते धडे पक्के करायचे ते ठरवा. दहावीसाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालय, म्हणजे एनआयओएस, हा चांगला पर्याय आहे: विषय निवडता येतात, वर्षातून दोनदा परीक्षा होते आणि पाच वर्षांत नऊ संधी मिळतात. एलडीच्या मुलाचा सवलतीचा अर्ज शाळेमार्फत नागपूर विभागीय मंडळाकडे जातो. एलडीची तपासणी सगळ्याच दवाखान्यांत होत नाही, तेव्हा मेडिकल असो की मेयो (नागपुरातली दोन सरकारी रुग्णालयं), कोणत्या वारी होते ते विचारूनच निघा, आणि हे सगळं नववीतच उरकून घ्या.