उपवास आणि गंध-रुचिसंवेदना

साधारण १२ ते ३६ तास अन्न न घेतल्यास वास आणि चव यांच्या जाणिवेत होणारे तात्पुरते बदल. कुपोषण व आजारातील अन्नत्याग हे वेगळे विषय होत.

पुण्यात चतुर्थी-एकादशीला घरोघर पाळला जाणारा उपवास बहुधा फराळाचा असतो. साबुदाण्याची खिचडी, वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी, रताळ्याचा कीस यांनी रक्तातील ग्लुकोज व इन्शुलिन वाढतेच. शरीराच्या लेखी तो उपवास नव्हे. पुढील विवेचन त्यामुळे निरंकार उपवासालाच लागू पडते. निर्जळी उपवासात लाळ कमी होऊन तोंड कोरडे पडते, हा आणखी एक घटक. चवीचे पदार्थ लाळेत विरघळल्यावरच रुचिकलिकांपर्यंत पोहोचतात.

या विषयाचा जुना उल्लेख चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील लंघनबृंहणीय अध्यायात (अ. २२) येतो. संहितेचा काळ वादग्रस्त आहे, इ.स.पू. दुसरे शतक ते इ.स. दुसरे शतक ही मर्यादा बहुतेकांना मान्य व्हावी. दृढबल या नंतरच्या संपादकाने मागाहून पूर्ण केलेल्या भागात सूत्रस्थान मोडत नाही, म्हणून हा मजकूर तुलनेने जुन्या थरातील मानणे अधिक सयुक्तिक वाटते. लंघन योग्य झाल्याच्या लक्षणांत तेथे मुखशुद्धी, अन्नाची रुची आणि भूक व तहान एकदम लागणे यांची गणना आहे. अतिलंघनात मुखशोष (तोंड कोरडे पडणे), अरुची आणि कान-डोळ्यांचे दौर्बल्य सांगितले आहे. त्या ओळीत इंद्रियांपैकी कान-डोळेच आहेत, नाक नाही, हे लक्षणीय.

आधुनिक प्रयोगांत तीन गोष्टी वेगळ्या मोजतात : संवेदनेचा उंबरठा (किती सौम्य वास वा चव कळते), ओळख आणि आवड. चवीबाबत २००४ मध्ये मलावीत झालेल्या अभ्यासात उपाशी तरुणांना गोड व खारट चव कमी तीव्रतेलाही ओळखता आली. कडू चवीत फरक पडला नाही. वासाचे निष्कर्ष मात्र परस्परांशी जुळत नाहीत. कॅनडातील २०१२ च्या अभ्यासात २४ तासांच्या उपवासानंतर घ्राणक्षमता सुधारलेली दिसली. त्याआधी, २०११ मध्ये, ब्रिटिश संशोधकांना भुकेने तटस्थ वासाची संवेदनशीलता वाढल्याचे, पण अन्नाच्या वासाची न वाढल्याचे आढळले. गंधद्रव्य, उपवासाचे तास आणि चाचणीची रीत बदलली की उत्तरही बदलते. शरीरक्रियाशास्त्रज्ञ मिशेल काबानाक यांनी १९७१ मध्ये मांडले, की एकाच उद्दीपकाचा सुखदपणा शरीराच्या गरजेनुसार पालटतो. उपवासातील बदलाचा मोठा वाटा तीक्ष्णतेपेक्षा या आवडीचा असावा, असे मानण्याकडे प्रस्तुत नोंदीचा कल आहे.

यंत्रणेत घ्रेलिन हे जठरातून स्रवणारे, १९९९ मध्ये कोजिमा व कांगावा यांच्या गटाने शोधलेले संप्रेरक महत्त्वाचे. जेवणापूर्वी त्याची पातळी वाढते. २०११ च्या एका अभ्यासात घ्रेलिन दिल्यावर उंदीरवर्गीय प्राणी व माणसे दोघेही अधिक हुंगू लागल्याचे दिसले. तुपात जिरे तडतडले की उपाशी माणूस खोल श्वास घेतो. कढई तीच, पण नाकाच्या छतापर्यंत पोहोचणारे गंधकण जास्त. उपाशी उंदरांच्या घ्राणकंदात (मेंदूचा वासाचे संदेश प्रथम घेणारा भाग) शरीरातीलच कॅनाबिनॉइड (गांजातील द्रव्यांसारखी) द्रव्ये वासाचा प्रतिसाद वाढवतात, असे २०१४ मध्ये फ्रान्समधील गटाने दाखवले. लेप्टिन हे चरबीच्या पेशींतून स्रवणारे, भूक आवरणारे संप्रेरक उंदरांच्या जिभेवरील गोडाचा प्रतिसाद दाबते. उपवासात लेप्टिन घटते, तेव्हा हा दाब सैल होत असावा.

उपवास लांबला की शरीरात चरबीपासून बनणारी कीटोन द्रव्ये वाढतात. त्यांतील अ‍ॅसिटोनमुळे श्वासाला फळासारखा वास येतो आणि तोंडाची चव बिघडते. लांब उपवासाचे एक उदाहरण : पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये १० फेब्रुवारी १९४३ पासून महात्मा गांधींनी २१ दिवसांचे उपोषण केले. आपले शरीर अलीकडे पाणी स्वीकारत नाही, म्हणून ते पिण्याजोगे व्हावे यासाठी त्यात लिंबूवर्गीय फळांचा रस घालू, असे त्यांनी आधीच सरकारला कळवले होते.