कोच कोणाला म्हणायचं? अमेरिकी कॉलेज फुटबॉलमधल्या भरती खात्याची पार्श्वभूमी

नोव्हेंबर २०२४ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाने आपल्या एका माजी क्वार्टरबॅकला फुटबॉल संघाचा जनरल मॅनेजर म्हणून परत बोलावलं. पुढच्याच महिन्यात नॉर्थ कॅरोलायनाने व्यावसायिक लीगमध्ये आयुष्य घालवलेला एक बुजुर्ग कोच नेमला. त्याच्यासोबत वर्षाला १५ लाख डॉलर पगाराचा जनरल मॅनेजरही आला. २०२५ च्या वसंतापर्यंत ओक्लाहोमा आणि बर्कली या विद्यापीठांनीही हे पद भरलं आणि त्यानंतर असं पद नसलेला मोठा संघ शोधावा लागावा अशी परिस्थिती आली. या पदाच्या हाताखाली खेळाडू हेरणारे, व्हिडिओ पाहणारे, कुटुंबांच्या भेटी जुळवणारे आणि करारांचा हिशेब ठेवणारे असे वेगवेगळे गट असतात.

खेळाडूंना पैसे देता येऊ लागल्यामुळे हे सगळं घडलं, असं सरसकट सांगितलं जातं. मला ते अर्धंच पटतं. भरतीचं, म्हणजे शाळेतले खेळाडू हेरून विद्यापीठाच्या संघात आणण्याचं, काम कोचच्या हातून सुटायला पैशाच्या बरंच आधी सुरुवात झाली होती, आणि त्यामागे नियमपुस्तकातली ‘कोच’ या शब्दाची व्याख्या होती.

मुळापासूनचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. १९०५ च्या हंगामातल्या मृत्यूंनंतर १९०६ मध्ये कॉलेज खेळांचे नियम ठरवणारी राष्ट्रीय संघटना (आजची एनसीएए) उभी राहिली. खेळाडू पळवण्याचे आणि पोसण्याचे प्रकार किती खोलवर गेले आहेत हे १९२९ च्या एका मोठ्या चौकशी अहवालाने दाखवून दिलं. १९४८ मध्ये कडक आचारसंहिता आली. तिने पैशाचं आमिष दाखवून भरती करण्यावर बंदी घातली आणि आर्थिक मदत गरजेशी जोडली. १९५० मध्ये ती मोडणाऱ्या सात संस्थांना काढून टाकण्याचा ठराव आला, पण दोन तृतीयांश मतं पडली नाहीत. १९५१ मध्ये ती संहिताच गेली आणि १९५६ मध्ये खेळासाठीची स्कॉलरशिप अधिकृत झाली. या काळात भरती खातं असं काही नव्हतं. कोच, त्याचे दोन-चार सहायक आणि गावोगावचे श्रीमंत माजी विद्यार्थी मिळून मुलं आणत. वरचं नेतृत्वही बहुतेकदा त्याच माणसाकडे असे. नोत्र देमला १९२० च्या दशकात हेड कोच हाच अ‍ॅथलेटिक डायरेक्टर, म्हणजे विद्यापीठाच्या सगळ्या खेळांचा प्रमुख, होता, आणि अलाबामात १९५८ पासून जवळपास पाव शतक हीच व्यवस्था चालली.

ही घडी विस्कटली ती १९७० आणि १९८० च्या दशकांत, आणि एकाच वेळी तीन बाजूंनी. पहिली बाजू स्कॉलरशिपच्या संख्येची. १९७३ मध्ये फुटबॉलला १०५ ची मर्यादा आली, १९७८ मध्ये ती ९५ झाली, आणि १९९२ ते १९९४ दरम्यान उतरत उतरत ८५ वर आली. जागा कमी झाल्या की चुकीची निवड महाग पडते, त्यामुळे मुलाची पारख करायला जास्त डोळे लागू लागले. दुसरी बाजू बूस्टरांची, म्हणजे संघामागच्या देणगीदारांची. डॅलसमधल्या एका विद्यापीठात देणगीदार खेळाडूंना पैसे पुरवत होते. त्या प्रकरणात तिथला १९८७ चा अख्खा हंगाम रद्द झाला आणि त्याच दशकात टप्प्याटप्प्याने देणगीदारांना भरतीच्या गाठीभेटींतून बाहेर काढलं गेलं. पण त्यांनी चालवलेलं बाहेरचं जाळं गेलं तरी काम तेवढंच राहिलं, आणि ते फुटबॉल ऑफिसमध्ये आलं. तिसरी बाजू टीव्हीची. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी संघटनेची प्रक्षेपणावरची मक्तेदारी मोडली. अ‍ॅथलेटिक डायरेक्टरचं काम त्यानंतर हळूहळू करार, स्टेडियम आणि देणग्या यांचं झालं. फुटबॉलचा निवृत्त कोच त्या खुर्चीत बसवण्याची पद्धत मागे पडली आणि व्यवस्थापनातली माणसं तिथे आली. पुढचे वाद समजायला ही बाब महत्त्वाची आहे. कोचच्या डोक्यावर बसणारा माणूस फुटबॉलचा जाणकार असेलच असं आता राहिलं नव्हतं.

खर्च आवरण्यासाठी संघटनेने दोन उपाय केले. एक म्हणजे सहायक कोचची संख्या बांधायची, दुसरा म्हणजे त्यांतल्या काहींचा पगारही बांधायचा. पगाराचा उपाय १९९२ पासून लागू झाला. ठराविक दर्जाच्या सहायकाला वर्षाला १६,००० डॉलरहून जास्त द्यायचे नाहीत, असा नियम होता. बास्केटबॉलच्या कोचनी दावा लावला, १९९८ मध्ये अपील न्यायालयात संघटना हरली, आणि पुढच्या वर्षी ५ कोटी ४५ लाख डॉलर देऊन प्रकरण मिटवावं लागलं. या निकालाने पुढच्या २५ वर्षांची दिशा ठरवली, असं माझं मत आहे. पगारावर मर्यादा घालता येत नाही, हे सगळ्यांना कळलं. डोकी मोजण्याचा नियम तेवढा शिल्लक राहिला, आणि तो फक्त ‘कोच’ या डोक्यांना लागू होता.

फुटबॉलमध्ये हेड कोच आणि नऊ सहायक मोजले जात. मैदानावर शिकवायचं त्यांनी, बाहेर जाऊन मुलं पाहायची त्यांनी, मुलांना आणि पालकांना फोन करायचा तोही त्यांनीच. बाकी कितीही माणसं ठेवा, त्यांना संख्येची अट नव्हती. अट होती ती त्यांनी काय करायचं नाही याची. अ‍ॅनालिस्ट, क्वालिटी कंट्रोल (दोन्ही व्हिडिओ आणि तयारीचं काम पाहणारे), डायरेक्टर ऑफ प्लेअर पर्सोनेल (खेळाडूंच्या निवडीचं काम पाहणारा) ही पदनामं या जागेत वाढली. यांतली शेवटची दोन सरळ व्यावसायिक लीगमधून उचललेली आहेत. अ‍ॅनालिस्टने सरावाच्या वेळी मैदानावर उभं राहायचं, पण खेळाडूला पाय कुठे ठेवायचा ते सांगायचं नाही. त्याने हजार मुलांचे व्हिडिओ पाहून यादी करायची, पण यादीतल्या एकाही मुलाला फोन करायचा नाही.

अलाबामाने हा प्रकार सर्वांत पद्धतशीरपणे वापरला. २००७ मध्ये तिथे व्यावसायिक लीगचा अनुभव असलेला हेड कोच आला. प्रत्येक जागेसाठी उंची, वजन, वेग यांचे निकष ठरवून, न मोजल्या जाणाऱ्या माणसांकडून पारख करून घेण्याची शिस्त त्याने तिथे बसवली. त्याच्या धडाक्याचा परिणाम नियमांवरही झाला. वसंतातल्या पारखीच्या काळात हेड कोचनी शाळांमध्ये फिरायचं नाही, असा नियम २००८ मध्ये आला आणि लोक तो त्याच्याच नावाने ओळखू लागले. हेड कोच जितका घरी बसला तितकं घरातलं खातं वाढलं. नंतरच्या काळात काढून टाकलेले हेड कोच तिथे अ‍ॅनालिस्ट म्हणून येत, वर्षभर राहून पुन्हा मोठ्या नोकरीवर जात. मग इतर संघांनीही तशीच खाती उभारली.

इथे जानेवारी २०१३ चा निर्णय येतो. आजच्या चर्चेत तो कोणी काढत नाही, पण माझ्या मते सगळ्याची गाठ तिथेच आहे. नियमपुस्तक हलकं करण्याच्या मोहिमेत संघटनेने प्रस्तावांचा एक गठ्ठा मंजूर केला. त्यातल्या ११-२ क्रमांकाच्या प्रस्तावाने फोन, पत्रव्यवहार यांसारखी भरतीची कामं फक्त मोजलेल्या कोचनीच करावीत ही अट काढून टाकली. घरी किंवा शाळेत जाऊन प्रत्यक्ष भेटणं मात्र कोचकडेच राहणार होतं. सोबतच्या दोन प्रस्तावांनी मुलांशी कितीदा आणि कोणत्या मार्गाने संपर्क साधायचा, किती छापील साहित्य पाठवायचं, यावरची बंधनंही सैल केली.

महिनाभरात वादळ उठलं. मध्य-पश्चिमेतल्या सर्वांत जुन्या कॉन्फरन्सच्या (आपसात सामने खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटाच्या) कोच आणि अ‍ॅथलेटिक डायरेक्टरांनी फेब्रुवारीत एकत्र निवेदन काढून चिंता व्यक्त केली. ज्यांच्याकडे पैसा आहे ते वीस-तीस माणसांचं भरती खातं उभारतील, बाकीच्यांना तसं करावं लागेल किंवा मागे पडावं लागेल, आणि सोळा वर्षांच्या मुलाच्या फोनला दिवसरात्र उसंत मिळणार नाही, असा त्यांचा मुद्दा होता. वसंतात हे प्रस्ताव एकेक करून थांबवले गेले आणि जुनी अट जशीच्या तशी राहिली.

विरोधकांची मुलांबद्दलची काळजी खरी होती, हे मी मानतो. तरीही निर्णय मागे घेतल्याने काय साधलं ते पाहावं लागतं. खाती वाढायची थांबली नाहीत, कारण माणसं ठेवण्यावर बंदी कधी नव्हतीच. फक्त ती माणसं दुय्यम दर्जाची राहिली. मुलाला वर्षभर पाहणारा, त्याच्या शाळेचे गुण तपासणारा, त्याच्या जागी आणखी कोण आहेत याची यादी ठेवणारा माणूस त्या मुलाशी फोनवर बोलू शकत नव्हता, आणि बोलणाऱ्या कोचला यातलं बरंचसं ऐकीव असे. शब्द कोच द्यायचा, हिशेब दुसऱ्याकडे असायचा. कोच नोकरी सोडून गेला की शब्द कोणाचा होता हेच सापडत नसे, आणि त्याची किंमत मुलगा भरायचा. भरती खात्याला २०१३ मध्येच नाव, अधिकार आणि जबाबदारी दिली असती तर पुढचा गोंधळ कमी झाला असता, असं मला ठामपणे वाटतं. शिवाय विरोधकांनी ज्याची भीती घातली ती विषमता तर आलीच.

नंतरची वर्षं भराभर गेली. २०१६ मध्ये फुटबॉलसाठी टेक्स्ट मेसेजवरची मर्यादा उठली, म्हणजे तेव्हा अडवलेली एक गोष्ट तीन वर्षांत मागच्या दाराने आली. डिसेंबर २०१७ मध्ये शाळेतल्या मुलांनी विद्यापीठाला बांधून घेणाऱ्या सह्यांची लवकरची मुदत सुरू झाली, त्यामुळे फेब्रुवारीपर्यंत चालणारं काम ऐन हंगामात आलं. जानेवारी २०१८ मध्ये दहावा सहायक मिळाला आणि बऱ्याच ठिकाणी तो मुलं आणण्याच्या कौशल्यावर निवडला गेला. ऑक्टोबर २०१८ मध्ये ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे संघ बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची ऑनलाइन यादी, उघडलं. साथीमुळे मार्च २०२० ते मे २०२१ अखेरपर्यंत प्रत्यक्ष भेटी बंद होत्या आणि सगळी पारख पडद्यावर झाली, म्हणजे ज्यांचं कामच पडद्यासमोरचं होतं त्यांच्या हातात गेली. एप्रिल २०२१ मध्ये एकदा संघ बदलल्यास वर्षभर न खेळता बसावं लागण्याची अट गेली. त्याच वर्षी जूनमध्ये शिक्षणाशी निगडित लाभांच्या खटल्यात संघटना सर्वोच्च न्यायालयात ९ विरुद्ध ० ने हरली, आणि १ जुलैपासून खेळाडूंना आपलं नाव जाहिरातींत वगैरे वापरू देण्याचे पैसे घेता येऊ लागले. आता शाळेतली मुलं, इतर संघांतली मुलं आणि जाऊ पाहणारी स्वतःचीच मुलं, अशा तिन्ही याद्या रोज राखाव्या लागत होत्या.

जून २०२४ मध्ये मैदानावरची भिंत पडली. सरावात आणि सामन्यात कोणत्याही कर्मचाऱ्याने शिकवलं तरी चालेल, असं ठरलं. अ‍ॅनालिस्टला पाय दाखवायला मुभा मिळाली. पण कॅम्पसबाहेर जाऊन भरती करण्याची मर्यादा त्या बदलातही हेड कोच आणि दहा सहायकांपुरतीच ठेवली. २०१३ मध्ये राखलेली कोच आणि इतर कर्मचाऱ्यांमधली रेघ एका बाजूने पुसली, दुसऱ्या बाजूने राहिली.

मग ६ जून २०२५ ला खेळाडूंनी संघटनेवर लावलेल्या पैशाच्या दाव्यातल्या तडजोडीला न्यायालयाने मान्यता दिली. जुन्या खेळाडूंना दहा वर्षांत सुमारे २८० कोटी डॉलर द्यायचे. १ जुलैपासून विद्यापीठांनी खेळाडूंना थेट पैसे द्यायचे, पहिल्या वर्षी सगळ्या खेळांत मिळून साधारण २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत. फुटबॉलमध्ये ८५ स्कॉलरशिपची मर्यादा गेली आणि १०५ खेळाडूंची मर्यादा आली. संघ बदलण्याची खिडकी तर एकच उरली, २ ते १६ जानेवारी २०२६. त्याच पंधरवड्यात, ८ आणि ९ जानेवारीला, राष्ट्रीय स्पर्धेच्या उपांत्य लढती होत्या. म्हणजे जो कोच सर्वांत यशस्वी, त्याला पुढच्या वर्षीचा संघ बांधायला सर्वांत कमी वेळ. कोणाला किती द्यायचं, कोणाला थांबवायचं, कोणाची जागा रिकामी धरायची, हे ठरवणारा दुसरा माणूस असणं भागच आहे.

त्या माणसाला जनरल मॅनेजर म्हणतात, पण शब्द एक आणि कामं तीन आहेत. स्टॅनफर्डमध्ये तो हेड कोचच्या वर आहे. मार्च २०२५ मध्ये तिथल्या कोचला काढण्याचा निर्णय त्यानेच घेतला. नॉर्थ कॅरोलायनात तो कोचने सोबत आणलेला, कोचच्या विश्वासातला माणूस आहे. आणि अनेक ठिकाणी कालचाच डायरेक्टर ऑफ प्लेअर पर्सोनेल नव्या पाटीखाली, थोड्या जास्त पगारावर, त्याच टेबलाशी बसला आहे. पहिल्या प्रकारात अ‍ॅथलेटिक डायरेक्टरचा फुटबॉलपुरता अधिकार खाली आला आहे, दुसऱ्यात कोचचा अधिकार रुंदावला आहे, तिसऱ्यात अधिकार फारसा हललेला नाही. बातम्यांत तिन्हींना एकच नाव मिळतं, म्हणून पदाबद्दलची अर्धी भांडणं वेगवेगळ्या पदांबद्दलची असतात.

एखाद्या विद्यापीठाने जनरल मॅनेजर नेमल्याची बातमी वाचताना तीन गोष्टी शोधाव्यात: तो कोणाला अहवाल देतो, खेळाडूच्या करारावर अंतिम होकार कोणाचा, आणि कोच गेला तर तो राहतो की जातो. मुलाला आणि त्याच्या आईवडिलांना सही करण्याआधी नेमकं हेच विचारावं लागतं, आणि आजच्या बहुतेक घोषणांत यातलं एकही लिहिलेलं नसतं.